करंजाखालच्या गाद्या

नांदगोठे, ता. खालापूर
२ फेब्रुवारी २०२५

ती. जनावन्सं यांना सोनूचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

जितेश परवा तुमचं पत्र आणि शेवग्याच्या शेंगा देऊन गेला. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर बोलायला सुचत नाही, तेव्हा आपलं हेच बरं. तुमचे भाऊ म्हणायचे की या नणंद-भावजयीची पत्रं पोचवायलाच भाच्यानं टेंपो घेतला असावा. टेंपोच्या मागं ‘मामाचा आशीर्वाद’ रंगवून आणलं तेव्हा ते दोन वेळा उठून बघून आले होते. छातीत दम नव्हता तरी.

वर्षश्राद्धाला दीड महिना झाला. वर्ष सरलं की दुःख सरतं म्हणतात. माझं काही सरलं नाही, पण ते आता घरातल्या माणसासारखं झालंय. त्याच्यासाठी वेगळं उठावं लागत नाही.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेची गंमत सांगते. ग्रामसेवकांनी कागद वाचला की यापुढं जुन्या गाद्या, उशा, गोधड्या, कपडे नदीत, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकायचे नाहीत, जाळायचेही नाहीत. नाव नोंदवायचं, महिन्यातून एकदा गाडी येईल, तिच्यात द्यायचं. नाही ऐकलं तर दंड. सगळे माना डोलावत होते, तेवढ्यात आमचे शेजारी आबाजी काठी टेकत उठले आणि मेलेल्या माणसाच्या अंथरुणाचं काय ते सांगा म्हणाले. ते काय गाडी येईपर्यंत घरात ठेवायचं? सरपंच संजनाबाई गडबडल्या. मागून कोणीतरी म्हणालं की आबाजी, तुमचं नाव आजच नोंदवून ठेवू, म्हणजे गाडी वेळेवर येईल. त्यावर आबाजी म्हणाले की आधी तुझ्या सासऱ्याचं नोंदव रं, तो माझ्याहून म्हातारा हाय. हसण्यात सभा बुडाली.

शेवटी ठरलं ते असं. मेलेल्याचं अंथरूण नियमात धरायचं नाही. ते पूर्वीसारखंच शिवेवरच्या करंजाच्या झाडाखाली टाकायचं. त्याला कोणी हात लावायचा नाही, कोणाचं ते विचारायचं नाही, टाकून मागं वळून बघायचं नाही. ग्रामसेवकांनी तसं लिहूनही घेतलं.

तुमच्या भावाचं अंथरूण जितेशनंच तिथं नेलं होतं. मला मुलगा नाही, ते त्या दिवशी त्यानं जाणवू दिलं नाही. मागं न बघता आला. ते मी विसरणार नाही.

सूनबाई श्रद्धाला जपा. जड उचलू देऊ नका. तुमचा जीव माझ्यावर आहे तसाच असू द्या.

तुमची
सोनू


कर्जत
१४ फेब्रुवारी २०२५

चि. सोनू हिस जनाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावाआधी गं. भा. लिहायचं म्हणून मी पेन उचलते आणि ठेवते. तू मला धाकटी आहेस, तेवढंच राहू दे.

तुझं पत्र, मी चष्मा शोधेपर्यंत जितेशनंच वाचून काढलं आणि मग माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. आबाजींच्या बोलण्यावर सूनबाई इतकी हसली की मीच तिला दम दिला. सहावा महिना लागलाय, पोटाला हिसका बसायचा. करंजाचं मात्र जितेशनं दोनदा वाचलं. मामाची आठवण आली असेल.

इथंही तशीच पाटी लागलीय. घंटागाडीवाल्याला गादी दाखवली की साप दाखवल्यासारखा पळतो. पण या नियमानं आमच्या घरी बरंच झालं बघ. इकडच्या फार्महाऊसांत आणि रिसॉर्टांत दर दोन-तीन वर्षांनी गाद्या बदलतात. पूर्वी रात्रीत कुठंतरी ढकलून द्यायचे, आता भितात. त्या उचलून साजगावला जुना कापूस पिंजणाऱ्या कारखान्यात पोचवायचं काम जितेशला लागलंय. माझा भाऊ आयुष्यभर त्याच कामात खोकला, आणि आता भाचाही कापसातच. मी म्हटलं तोंडाला फडकं बांध. तो म्हणतो, मी फक्त वाहतो गं आई, पिंजत नाही.

श्रद्धाला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच करायचं ठरवलंय. तू मेमध्ये यायचंस. नाही म्हणशील तर टेंपोत घालून आणीन.

वालाच्या शेंगा आल्या की पाठव. मायेत कमी करू नकोस.

तुझी
जना


नांदगोठे
९ मार्च २०२५

ती. जनावन्सं यांना सोनूचा नमस्कार, वि. वि.

वाल जितेशबरोबर पाठवतेय. होळी चार दिवसांवर आली, पण गावात तशी हालचाल नाही. कारण लिहिते. हसू नका.

संक्रांतीपासून गावात कोणी गेलेलं नाही. मी आठवून पाहिलं, शेजारच्या चंद्राबाईनंही पाहिलं. तरी करंजाखाली गाद्या वाढतायत. आधी दोन दिसल्या. बायका म्हणाल्या, पलीकडच्या गावानं टाकल्या असतील. मग सात झाल्या. काल शेतावर जाताना डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर ढीग माणसाच्या डोक्याच्या वर गेलाय. बघायचं नसतं हे मला ठाऊक आहे, पण डोळ्याला कोण सांगणार.

विचारायचं नाही असं ठरलेलं, म्हणून कोणी विचारत नाही. हात लावायचा नाही, म्हणून कोणी हलवत नाही. मुलांनी शाळेची वाट बदलली. विहिरीवर बायका हळू बोलतात. कोणी म्हणतं की एवढी माणसं मरायची आहेत म्हणून अंथरुणं आधी आली. आबाजींना आठ दिवस ताप आहे. त्यांची सून चंद्राबाई रडत सांगत होती की सासरे म्हणतात, माझी गादी पुढं गेलीय, मीच मागं रेंगाळलोय. ग्रामसभेत हसवणारा माणूस आता भिंतीकडं तोंड करून झोपतो.

शिवेजवळच्या वाडीतली मंगळी तेवढी भीत नाही. तिचं घर करंजापासून शंभर पावलांवर. ती मला म्हणाली की सोनुबाय, भुतं गाद्या टाकीत नाय, गाडी टाकते. दिवेलागणीला येते आणि जाते. तिनं हे गावात सांगितलं तर लोक तिलाच म्हणाले की तू दारू सोड. ती म्हणाली, आधी तुमी भ्यायचं सोडा.

मला रात्री झोप लागते, पण सकाळी उठल्यावर पहिली आठवण ढिगाची येते. तुमच्या भावाचं अंथरूण त्याच्या तळाशी आहे. त्यांच्यावर एवढं ओझं कोण टाकतंय, एवढंच मला कळायला हवं.

आठवण ठेवा, तीच मला पुरते.

सोनू


कर्जत
१९ मार्च २०२५

चि. सोनू हिस अनेक आशीर्वाद.

एवढी वाचणारी बाई आणि विहिरीवरच्या गप्पांना घाबरतेस? दुसऱ्या गावांची अंथरुणं असतील. सगळीकडं नियम आलाय, तुमच्याकडं सूट आहे, मग आणून टाकत असतील. ग्रामदेवीला नारळ दे आणि आपली वाट धर. आबाजींना ताप आहे तर डॉक्टरला दाखवा म्हणावं, गादीला नव्हे.

जितेशला तुझं पत्र दिलं. वाचून म्हणाला की मामीला सांग तिकडं जाऊ नकोस, साप असतात, काचा असतात. पुन्हा जेवताना तेच म्हणाला. बघ, तुझी किती काळजी आहे त्याला.

मात्र खरं सांगू? मला त्याचंच बरं दिसत नाही. जेवण अर्ध्यावर आलंय. मागून हाक मारली तर दचकतो. काम वाढलंय म्हणतो, पण काम वाढलेला माणूस दमून झोपतो, हा पडून छताकडं बघतो. श्रद्धाला वाटतं बाप व्हायच्या काळजीनं. असेल. त्याच्या बापालाही तेव्हा असंच झालं होतं.

वाल गोड निघाले. राग न धरता उत्तर लिही.

तुझी
जना


नांदगोठे
७ एप्रिल २०२५

ती. जनावन्सं यांना सोनूचा नमस्कार, वि. वि.

हे पत्र पोस्टानं पाठवतेय, जितेशच्या हाती नाही. का, ते वाचून कळेल. बसून वाचा.

परवा मी करंजाखाली गेले. भरदुपारी, डोक्यावर पदर घेऊन, सरळ. माझं जायचं होतं ते माणूस गेलं, आता मला तिथं कोण काय करणार? मी गाद्यांना हात लावला. उलटून पाहिल्या.

वन्सं, माणूस निजला की गादीला खळगा पडतो. तुमच्या भावाच्या गादीला डाव्या अंगाला होता, कारण शेवटचे सहा महिने ते उशीला टेकून त्याच कुशीवर कलून झोपायचे. या गाद्यांना खळगाच नाही. यांच्यावर कोणी राहिलंच नाही, नुसते आले आणि गेले. कोपऱ्यावर काळ्या शाईनं आकडे घातलेत, एकशे चार, दोनशे अकरा. खोल्यांचे आकडे. बऱ्याचशा फोमच्या, काही कापसाच्या. हे मेलेल्यांचं अंथरूण नव्हे. हे हॉटेलांचं आहे. मी गावात सगळ्यांना हेच सांगतेय, तुम्हालाही सांगते, म्हणजे मनातली भीती तरी जाईल.

मग मी मंगळीकडं गेले. गाडीवर काय लिहिलंय विचारलं. ती म्हणाली, माला वाचता येत नाय, पण डोळे हायेत. तिनं चुलीतला कोळसा घेतला आणि भिंतीवर एक आकार काढला. त्याच्या शेजारी पुन्हा तोच आकार काढला. पुढचं आठवत नाय म्हणाली. मीसुद्धा अक्षरं अशीच शिकले, कारखान्यातून घरी येणाऱ्या गोण्यांवरचे छाप बघून बघून, आधी आकार आणि मग आवाज. तिनं काढलेलं ‘मामा’ होतं. पुढचं तिला आठवलं नाही तरी मला ठाऊक होतं.

शिवेवरच्या अंथरुणाला कोणी हात लावत नाही, हे बाहेरच्या ठेकेदाराला कुठून कळणार? ते कळायला तिथं एकदा अंथरूण टाकून यावं लागतं. आणि नियमात सूट मिळालीय, हे तर मीच हसत हसत लिहून त्याच्या हाती दिलं होतं.

अजून एक. चंद्राबाईच्या हर्षदनं गेल्या आठवड्यात शिवेखालच्या वाफ्यात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचा राब भाजला. वाऱ्यानं आग बांध चढून ढिगाच्या कडेला गेली. फांदीनं झोडपून विझवली म्हणतो. पण तिथं वास येतो. तुमचे भाऊ म्हणायचे, कापूस विझला असं कधी म्हणू नये. लाकडाची आग धूर देते, कापसाची नुसता वास देते. ती गादीच्या आत मुंगीसारखी चालत राहते, आणि वारा लागला की एकदम उभी राहते. कारखान्यात त्यांनी दोनदा पाहिलं होतं. ढिगापासून मंगळीचं कुडाचं घर शंभर पावलांवर आहे, त्यात तिची चार नातवंडं झोपतात.

मी अजून कोणाला नाव सांगितलेलं नाही. आधी तुम्हाला लिहितेय.

तुमचीच
सोनू


कर्जत
१३ एप्रिल २०२५

सोनू,

तुझं पत्र पोचलं. कोळशाच्या दोन रेघांवरून तू माझ्या मुलाला चोर ठरवलंस. ज्यानं तुझ्या नवऱ्याला खांदा दिला, त्याला. माझ्या भावानं जन्मभर कोणाला उणा शब्द काढला नाही आणि त्याची बायको त्याच्याच भाच्यावर पोस्टानं आरोप पाठवते. मंगळीचं खरं आणि जितेशचं खोटं? मेमध्ये ये म्हटलं होतं, ते विसर.

हे वरचं काल लिहिलं. फाडून टाकणार होते, पण तुझ्यापासून काय लपवू, राहू दे.

आज सकाळी त्याच्यापुढं तुझं पत्र ठेवलं. वाचलं आणि खाली बसला. लहानपणी पाटी फुटली की बसायचा तसा. म्हणाला की साजगावचा कारखाना फक्त कोरडा कापूस घेतो. फोम नको, डाग नको, ओल नको. पहिल्याच आठवड्यात अर्धा टेंपो परत आला. रिसॉर्टवाले परत घेईनात, नगरपालिकेच्या केंद्रावर गेला तर तिथं फक्त घरगुती, नाव नोंदवलेल्या. भरला टेंपो घेऊन दोन दिवस फिरला. मग त्याला करंज आठवला. एकदाच टाकू म्हणाला. एकदाचं काही होत नाही, हे कोणी सांगावं त्याला.

श्रद्धाला यातलं माहीत नाही. तिला कळू देऊ नकोस. ग्रामसभेत नाव गेलं तर पोलीस येतील, टेंपो जाईल, आणि पोर तोंड दाखवायचा नाही. तो ढीग उचलेल म्हणतो. कधी, कसा, ते तू सांग. मी काही सांगायच्या लायकीची राहिले नाही.

जना


नांदगोठे
२२ एप्रिल २०२५

ती. जनावन्सं यांना सोनूचा नमस्कार, वि. वि.

तुमचा राग मी वाचला, तो रास्त होता. माझा मुलगा असता तर मीही असंच लिहिलं असतं.

आबाजी शुक्रवारी गेले. गाद्या हॉटेलांच्या आहेत हे मी त्यांना उशाशी बसून सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं, आणि म्हणाले की मग एवढे दिस मी उगाच भ्यालो का गं सोनू? हसलेसुद्धा. पण तापानं तोवर त्यांचं सगळं नेलं होतं.

त्यांचं अंथरूण टाकायला हर्षद आणि चुलत भाऊ अनवाणी गेले. करंजाखाली जागाच नव्हती, म्हणून ढिगाला लागून ठेवलं. परत आले तेव्हा दोघांचे चेहरे पांढरे. हर्षदनं मला बाजूला घेऊन सांगितलं की काकी, जमीन पायाला गरम लागते. दुसरा म्हणाला, आजोबा रागावलेत. मी हर्षदला म्हटलं, आजोबा नव्हेत, तुझा राब आहे तो. राब भाजून तीन आठवडे होऊन गेले, वन्सं. तीन आठवडे ती आत चालतेय.

हर्षदनं पंचायतीत सांगितलं तर तिथं म्हणाले की धूर कुठाय? धूर दिसला की बंब बोलवू.

तर माझं म्हणणं असं. अक्षय्यतृतीयेपर्यंत ढीग उचलला गेला पाहिजे. एक मेला ग्रामसभा आहे. तोवर उचलला तर मी तोंड उघडणार नाही. नाही उचलला तर उभी राहून नाव घेईन, आणि नंतर तुमच्या दारात येऊन तुम्ही म्हणाल ते ऐकून घेईन. मंगळीच्या नातवंडांपुढं मला दुसरं काही करता येणार नाही.

जितेशला सांगा, एकट्यानं वर चढू नकोस, आतून पोकळ झाला असेल. पाण्याचा टँकर आणल्याशिवाय हात लावू नकोस. एकही गादी कोरडी हलवायची नाही. प्रत्येक फाडून, आत पाणी घालून, मगच गाडीत. वरून चांगली दिसते म्हणून सोडायची नाही. मामाचं सांगणं आहे म्हणावं.

श्रद्धाला नववा लागला ना? तिच्यासाठी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवून ठेवलीत. मे विसर म्हणालात, पण मी शिवणं थांबवलं नाही.

तुमची
सोनू


कर्जत
१ मे २०२५, सकाळ

चि. सोनू हिस जनाचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र पुन्हा जितेशच्या हाती पाठवतेय. पूर्वीसारखं. यातच सगळं आलं.

काल शेवटची खेप झाली, अगदी अक्षय्यतृतीयेच्या दिवशी. चार दिवस तो आणि तीन गडी टँकर लावून राबले. तू म्हणालीस तसंच निघालं, ढीग मध्ये काळा ठिक्कर होता, घमेलंभर पाणी ओतलं की फसफसायचं. जितेश म्हणाला, मामी नसती तर वाडी गेली असती. लांबच्या एका ठेकेदारानं फोमही घ्यायचं कबूल केलंय. आज त्यातला वाळवलेला कापूस साजगावला टाकून तो मोकळा होईल. फोन बिचारा कालच टँकरच्या पाण्यात पडून मेला, तेवढ्यावर निभावलं.

परवा रात्री इतक्या दिवसांनी तो पोटभर जेवला. मी मोरीत जाऊन रडून घेतलं.

आता एक सांगते, रागावू नकोस. जितेश म्हणाला मामीला कळवू नको, पण मी आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय. ढिगाच्या कडेला दोन गाद्या होत्या, कुठल्या तरी जुन्या बंगल्यातल्या, अस्सल कापसाच्या, ही जाड. वरून अगदी कोऱ्या. भिजवून फाडायला त्याचा हात धजेना. काल संध्याकाळी घरी आणल्या. श्रद्धाची कंबर चटईवर भरून येते, दिवस तर भरत आले. सोनू, तुझं ते पत्र नसतं तर मी त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. करंजाखालचं अंथरूण बाळंतिणीच्या खोलीत! पण तूच बघून लिहिलंस ना, की या मेलेल्यांच्या नाहीत, म्हणून मनात किंतू उरला नाही. दोन्ही एकावर एक घातल्या, वर धुतलेली चादर घातली. पोरगी म्हणाली, आई, राणीसारखं वाटतं.

जरा वास येतो, तव्यावर फडकं करपल्यासारखा. ऊन दाखवलं की जाईल. गादी उबदार आहे म्हणते, पण या दिवसांत काय गार असतं? पंखा लावून दिलाय. आज सकाळपासून डोकं जड आहे म्हणून पडूनच आहे, चहालाही उठली नाही. झोपू दे म्हटलं, पुढं कुठली झोप मिळणार तिला. गलका नको म्हणून दार लोटून घेतलंय.

दुपटी घेऊन लवकर ये. मी बोलले ते पोटात घाल.

तुझी
जना


नांदगोठे
१ मे, दुपारी साडेतीन

आधी श्रद्धाला त्या गादीवरून उठवा. नमस्कार मागाहून.

तिला हलवा, उठली नाही तर ओढून बाहेर अंगणात आणा. शेजारणीला हाक मारा. पंखा बंद करा. मग खिडकी उघडा. गाद्या झटकू नका, उलटू नका, घरात फाडू नका. धूर नाही म्हणून थांबू नका, धूर नसतोच. पाणी ओता, घागरी ओता, आणि मग दोघातिघांनी उचलून अंगणात टाकून पुन्हा ओता. श्रद्धाला तसंच दवाखान्यात न्या, डोकं जड आहे हे सांगा, आणि ती कशावर झोपली होती हेही सांगा. जितेशचं नाव झाकायला काही लपवू नका.

जितेश तुमचं पत्र दुपारी मंगळीपाशी ठेवून साजगावला गेला. मी ग्रामसभेला गेले होते. करंजाखालचं आता साफ आहे, हे सगळ्यांबरोबर ऐकत बसले होते, आणि मनात म्हणत होते की एक काम नीट झालं. घरी आल्यावर वाचलं.

हर्षदच्या फोनवरून श्रद्धाला चार वेळा लावला. वाजतो, वाजतो आणि थांबतो. अग्निशमनवाल्यांनाही लावला. ते विचारतात की आग कुठं दिसतेय. मी म्हटलं, दिसत नाही, म्हणूनच या. निघतील म्हणाले. हर्षद मोटरसायकलवर हा कागद घेऊन निघतोय. त्यानं तोंडानं सांगितलेलं तुम्हाला ऐकू येणार नाही, आणि माझ्या अक्षरावाचून तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, म्हणून लिहितेय. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा तो आत गेला असेल. त्याला अडवू नका.

मी लिहिलं नसतं तर तुम्ही त्या गाद्या आत घेतल्या नसत्या. ते माझं मी बघेन.

तुमचं पत्र मी नाकाशी धरलं. त्याला करपल्याचा वास आहे, वन्सं. दार लोटलेलं असताना, शेजारच्या खोलीत बसून लिहिलेल्या कागदाला.

उत्तर लिहीत बसू नका. हर्षद परत दिसेपर्यंत मी दारात उभी आहे.

सोनू